सहा संगणक आणि जपून ठेवलेली जुनी प्रत

सेटिंगच्या फाईलमध्ये जे लिहिलेले असते तेच संगणक पाळतो, हे आपण कशावरून म्हणतो? मला एवढ्याच एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. प्रश्न दिसायला लहान आहे. मी हयातभर माध्यमिक शाळेत गणित शिकवले असल्यामुळे लहान दिसणाऱ्या प्रश्नांविषयी मला आदर आहे. तरीही या प्रश्नाने मला चार दिवस ज्या रीतीने बाकावर उभे केले, तशी वेळ मी माझ्या कोणत्याही विद्यार्थ्यावर आणली नव्हती.

प्रथम परिस्थिती सांगते. निवृत्तीनंतर मी कामोठ्याला राहते. घरापासून पाच मिनिटांवर एक विहार आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. बेलापूरच्या एका कचेरीने आपले सहा जुने संगणक या अभ्यासिकेला दिले. त्यांच्यावर लिनक्स होते. विहाराच्या समितीच्या बैठकीत 'हे कोण सांभाळणार' असा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण बैठकीला वही आणि दोन रंगांची पेने घेऊन आलेली मी एकटीच होते. मी लिनक्सचे एक जाड पुस्तक आणले, त्याला खाकी कव्हर घातले आणि पहिल्या प्रकरणापासून वाचायला सुरुवात केली.

अभ्यासिकेची किल्ली एका निवृत्त मापाडी काकांकडे असते. ते मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या घाऊक बाजारात त्यांनी आयुष्यभर कांद्याबटाट्याची पोती काट्यावर तोलली. संगणकाला ते 'मशीन' म्हणतात आणि मला 'बाई'. शाळेत शिकवणाऱ्या स्त्रीला त्यांच्या गावी दुसरे संबोधनच नाही.

आणि ज्यांच्यामुळे हा प्रश्न निकडीचा झाला त्या एक ताई. त्या नांदेडकडच्या, इथे एका खासगी दवाखान्यात केसपेपर लिहिण्याचे कंत्राटी काम करतात. लिपिक-टंकलेखकाच्या कायम जागेसाठीची लेखी परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या होत्या. राहिली होती ती मराठी टंकलेखनाची चाचणी, आणि ती आठ दिवसांवर होती. पुढच्या वर्षी त्या वयाच्या अटीत बसणार नव्हत्या, म्हणजे ही संधी शेवटची. टायपिंगच्या जवळच्या वर्गात जागा नव्हती. दुपारी दोन ते चार या वेळेत, दवाखान्याच्या दोन पाळ्यांच्या मध्ये, त्या अभ्यासिकेत येऊ शकत होत्या.

"मॅडम, आठ दिवसांत हात बसंल का?" त्यांनी विचारले.

"बसेल. उद्यापासून आरंभ करू. संगणकावर मराठी अक्षरे, मराठी कळफलक आणि सरावाचा कार्यक्रम एवढे आज बसवून ठेवते."

"उद्या नक्की ना?"

"मी वहीत लिहिले आहे," मी म्हणाले. माझ्या दृष्टीने याहून मोठी हमी नव्हती.

लिनक्समध्ये नवा कार्यक्रम बसवण्यासाठी पॅकेज मॅनेजर नावाचा एक कारभारी असतो. आपण त्याला वस्तूचे नाव सांगायचे. तो इंटरनेटवरच्या भांडारातून ती वस्तू, तिला लागणाऱ्या इतर वस्तूंसह, आणून जागच्या जागी लावतो. हा कारभारी कोणत्या वाटेने जातो, कोणाला विचारून जातो, किती वेळ थांबतो, हे त्याच्या सेटिंगवर ठरते. प्रत्येक सेटिंगला एक नाव असते आणि त्या नावापुढे एक किंमत असते. 'क्ष'ची किंमत पाच, असे आपण सातवीत शिकतो, तेच हे. त्यामुळे हा भाग मला अतिशय सोपा वाटला, आणि तिथेच घोटाळा झाला.

संगणक ज्या कचेरीतून आले तिथे बाहेर जाण्यासाठी प्रॉक्सी लागत असे. प्रॉक्सी म्हणजे मधला रखवालदार. बाहेरच्या जगाशी जे बोलायचे ते त्याच्यामार्फत. हा रखवालदार अर्थातच कचेरीतच राहिला होता. म्हणजे आमचे सहाही संगणक शाळा बदलून आलेल्या, पण पाणी प्यायला जाण्यासाठी अजून जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांची परवानगी मागणाऱ्या विद्यार्थ्यासारखे वागत होते. त्या रखवालदाराचा पत्ता ज्या ओळीत होता ती ओळ मी शोधून काढली. ती पंचाण्णव या आकड्याने सुरू होणाऱ्या एका फाईलमध्ये होती. ओळीच्या आरंभी दोन तिरक्या रेघा दिल्या की कारभारी ती ओळ वाचत नाही, असे पुस्तकात होते. हा नियम मला फार आवडला. ओळ खोडायची नाही, रद्द मात्र करायची! त्या दिवशी मी सहाही संगणकांवर त्या दोन रेघा दिल्या आणि बसवण्याचे काम दुसऱ्या दिवसावर ठेवले. वहीत तक्ता आखला, संगणकाचा क्रमांक, फाईलचे नाव, केलेला बदल आणि शेवटी 'तपासले' असा रकाना ठेवला, आणि लाल पेनाने सहा खुणा केल्या.

एक गोष्ट मात्र त्या तक्त्यात लिहिली नाही, कारण ती मी इतक्या सवयीने केली की तिला कृती म्हणावे असे मला वाटलेच नाही. दुरुस्ती करण्याआधी मी प्रत्येक फाईलची एक प्रत काढून तिच्या शेजारीच ठेवली होती. मूळ प्रत हाताशी ठेवल्याखेरीज दुरुस्ती करू नये, हे मी हजारो मुलांना सांगितले आहे.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ताई आल्या, मी कारभाऱ्याला आज्ञा दिली, आणि तो शून्य टक्क्यांवर जाऊन बसला. पाच मिनिटांनी त्याने 'जोडणी होत नाही' असे कळवले आणि खाली एक आकडा दाखवला: दहाने सुरू होणारा, मध्ये टिंबे असलेला. हा इंटरनेटवाल्यांचाच काही आकडा असावा असे मी ठरवले. ठरवले, तपासले नाही. हा फरक पुढे उपयोगी पडेल. तो आकडा मी सुवाच्य अक्षरात चिठ्ठीवर लिहिला आणि इंटरनेटची केबल पुरवणाऱ्या गृहस्थांना बोलावले.

ते मूळचे करावे गावचे. चिठ्ठी त्यांनी उलटसुलट करून पाहिली.

"मावशे, यो नंबर आमचा नाय."

"मग इंटरनेट का चालत नाही?"

"कोनी सांगलं चालत नाय?" असे म्हणून त्यांनी ब्राउझर उघडला आणि त्यात एक हळदीचे गाणे लावले. आवाज पूर्ण होता. खाली ज्येष्ठ नागरिकांचा ध्यानवर्ग चालू होता. "बगा! पानी वाहतंय तसा नेट वाहतंय. तुमचा नेट झ्याक हाय, मशीनला कायतरी येड लागलंय."

गाण्याचे नाव पडद्यावर मराठीत असायला हवे होते. तिथे एका ओळीत नुसते रिकामे चौकोन दिसत होते, कारण मराठी अक्षरे अजून बसलीच नव्हती. इतक्यात खालून एक आजोबा डोळे अर्धवट मिटलेलेच वर आले आणि त्यांनी शांतपणे विचारले, "लग्न कुणाचं?"

तेव्हा दुसरा दिवस संपला. उरले सहा.

तिसऱ्या दिवशी मी सहाही फाइली पुन्हा उघडल्या. ओळीखाली पट्टी धरून वाचल्या. सहाही ठिकाणी दोन तिरक्या रेघा जागच्या जागी होत्या. मी आधीच्या सहा लाल खुणांशेजारी आणखी सहा केल्या. कारभारी पुन्हा शून्य टक्क्यांवरच बसला. बारा खुणांचा त्याच्यावर काही परिणाम झाला नाही.

ताई मात्र रिकाम्या बसल्या नव्हत्या. दवाखान्यात सलाईनच्या बाटल्यांची खोकी येतात. त्यातल्या एकाचा पुठ्ठा कापून त्यांनी त्यावर स्केचपेनाने कळफलक काढून आणला होता. मापाडी काका समोर बसून वर्तमानपत्रातला मजकूर सावकाश वाचत आणि ताई त्या पुठ्ठ्यावर टपटप बोटे आपटत.

"ताई, तुमचा हात लई जोरात पळतोय की," काका म्हणाले.

"चुका व्हायलेत का हो काका?"

काकांनी पुठ्ठा निरखून पाहिला. "एक बी दिसत न्हाई."

चौथ्या दिवशी दुपारी ताई नेहमीच्या खुर्चीवर बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहून त्या म्हणाल्या, "मॅडम, राहू द्या आता. तुम्ही लई केलात. येण्याजाण्यात अर्धा तास जायलाय, तेवढा घरी पुठ्ठ्यावर बसते. चाचणीला जाऊन तर येते, नशिबात असंल ते होईल."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. रागावलेल्या पालकांशी बोलण्याचा मला अनुभव आहे. पण त्यांनी माझे आभार मानले. मी वही उघडून त्यांना तक्ता दाखवला. प्रत्येक फाईल दोनदा तपासली आहे, लिहिलेले सर्व बरोबर आहे, असे सांगितले. आणि ते सांगत असताना, शिक्षक चुकीचे उत्तर रीतीसह फळ्यावर लिहून झाल्यावर वर्ग जसा गप्प बसतो, तशी शांतता मला ऐकू आली.

काका किल्लीची रिंग बोटावर फिरवत होते. ते म्हणाले, "बाई, राग मानू नका. तुमी वाचताय ती चिठ्ठी. बाजारात पोत्याबरोबर चिठ्ठी येतीया, पन्नास किलो. आमी कवा चिठ्ठी वाचून पोतं सोडलं न्हाई. काट्यावर टाकायचं आन् काटा काय म्हंतोय ते मोठ्यानं बोलायचं. ह्या मशीनला काटा न्हाई काय?"

"आहे," मी म्हणाले. "असावा. एकविसाव्या प्रकरणात."

"मग वाचलं न्हाई?"

"मी एकोणिसाव्या प्रकरणावर आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिले. ताईंनीही पाहिले. पुस्तकातले प्रकरण वगळून पुढे जायचे नाही, ही शिस्त मी स्वतः कधी मोडली नव्हती, आणि ती मोडण्याची वेळ दोन साक्षीदारांसमोर आली. मी विसावे प्रकरण उलटून टाकले.

एकविसाव्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर एक आज्ञा होती. ती जशी टंकायची तशीच इथे देते:

apt-config dump

ही आज्ञा दिली की कारभारी आपल्या मनात या क्षणी असलेली सर्व सेटिंगे, प्रत्येकाचे नाव आणि प्रत्येकाची किंमत, एकेका ओळीत सांगून टाकतो. फाईलमध्ये काय लिहिले आहे ते नव्हे. सगळे वाचून झाल्यावर त्याने काय धरले आहे ते. काकांच्या भाषेत हाच तो काटा. आज्ञा दिली आणि पडद्यावर शेकडो ओळी धो धो खाली सरकल्या.

"आरं देवा, हे काय दळण निघालं!" काका म्हणाले.

मी पडद्यावर पुन्हा सुरुवातीला गेले आणि पहिल्या ओळीखाली पट्टी धरली. दुसऱ्या ओळीखाली धरली. तिसऱ्या ओळीत एक शब्द नवा होता, तो वहीत उतरवून घेतला.

"मॅडम," ताई माझ्या खांद्यामागे येऊन उभ्या होत्या. "ती पट्टी काढा आधी."

"क्रमाने वाचले की सुटत नाही, ताई."

"मला चार वाजता दवाखान्यात उभं राहायचंय. सरका थोडं." रोज शंभर केसपेपरांमधून नेमका एक उपसण्याची ज्यांना सवय आहे, त्या ओळी वाचत नाहीत, त्या ओळींवरून नजर फिरवतात. त्यांनी पडदा भराभर वर घेतला आणि एका ठिकाणी बोट ठेवले. "हे बघा. हा तोच नंबर. केबलवाल्या दादाला तुम्ही चिठ्ठीवर दिला होता तो."

तोच होता. नावात प्रॉक्सी असा शब्द आणि पुढे तो दहाने सुरू होणारा आकडा. जी ओळ मी सहा ठिकाणी रद्द केली होती, बारा लाल खुणांनी रद्द केली होती, तीच कारभाऱ्याच्या मनात ठणठणीत जिवंत होती. आणि तो आकडा इंटरनेटवाल्यांचा नव्हता. तो जुन्या कचेरीतल्या रखवालदाराचा पत्ता होता. ब्राउझरला हा रखवालदार ठाऊकच नव्हता, म्हणून गाणे वाजले होते. चार दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर होता.

आता शोध सरळ होता. मी पुस्तकातला पुढचा परिच्छेद मोठ्याने वाचला. कारभारी एकच फाईल वाचत नाही. त्या संपूर्ण फोल्डरमधल्या फाइली नावांच्या क्रमाने एकामागून एक वाचतो. एकाच सेटिंगची किंमत दोन फाइलींत वेगवेगळी असेल, तर नंतर वाचलेली किंमत कायम होते. मी तो फोल्डर उघडला. त्यात पंचाण्णव आकड्याची माझी दुरुस्त फाईल होती. आणि तिच्या लगेच खाली, त्याच आकड्याने सुरू होणारी, शेवटी रोमन अक्षरांत 'जुनी प्रत' असे स्पष्ट लिहिलेली दुसरी फाईल होती. तिच्यात रखवालदाराचा पत्ता जसाच्या तसा होता. तिरक्या रेघा नव्हत्या.

'जुनी प्रत' या शब्दांचा अर्थ कारभाऱ्याला कळत नाही. त्याने माझी दुरुस्ती इमानाने वाचली, मग मी जपून ठेवलेली चूकही तितक्याच इमानाने वाचली, आणि चूक नंतर आल्यामुळे तीच धरली. तळटीपेत असेही होते की जुन्या प्रतींच्या नावाला लावण्याचे एक रूढ तीन अक्षरी शेपूट आहे. ते लावले असते तर त्याने ती फाईल मुकाट्याने सोडून दिली असती. ते शेपूट मी आठव्या प्रकरणात वाचले होते. अर्धवट वाटले म्हणून मी पूर्ण शब्द लिहिले होते.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. हे वाक्य वर्गात म्हणण्याचा प्रसंग मला फारसा आला नव्हता, म्हणून ते जरा मोठ्याने म्हटले गेले.

"म्हंजी पोतं काट्यावरनं उतरवलं आन् आपुनच पुन्हा चढीवलं," काका म्हणाले.

"सहाही काट्यांवर," मी म्हणाले.

ताईंनी पदर तोंडाशी धरला होता. "मॅडम, आता हसू का नंतर हसू?"

"आधी बसवून घेऊ. मग हसा."

"मला नाही थांबवायलंय," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसून त्यांनी मनसोक्त हसून घेतले. काकाही हसले. मी हसत हसतच वहीत नोंद केली, आणि म्हणून त्या पानावरचे माझे अक्षर आजही मला पाहवत नाही.

जुन्या प्रती मी नष्ट केल्या नाहीत. ते माझ्याने होणार नाही. त्या उचलून मी कारभाऱ्याची नजर जाणार नाही अशा एका निराळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या. मग पुन्हा तीच आज्ञा दिली. या वेळी ताई वरून खाली आणि मी खालून वर पाहत गेलो. तो आकडा कुठेही नव्हता. कारभाऱ्याला कामाला लावले. एक टक्का, नऊ टक्के, चाळीस टक्के. काका प्रत्येक आकडा बाजारातल्या आवाजात पुकारत होते. शंभर म्हटल्यावर त्यांनी सवयीने "पुढचं!" अशी आरोळी दिली आणि आम्ही उरलेल्या पाच संगणकांकडे वळलो. पडद्यावरच्या चौकोनांची अक्षरे झाली.

ताईंनी खऱ्या कळफलकावर पहिली ओळ टंकली. तिच्यात नऊ चुका होत्या.

"पुठ्ठ्यावर एक बी न्हवती," काका हळहळले.

पण चार दिवस हातात होते. काका दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहालाच किल्ली घेऊन हजर राहू लागले, म्हणजे दवाखान्यात जाण्यापूर्वीचे दोन तासही ताईंना मिळाले. मी शेजारी बसून चुका मोजत असे. नवाच्या सात झाल्या, साताच्या चार. सरावाच्या तिसऱ्या दिवशी पुन्हा सहा झाल्या, तेव्हा ताईंनी माझे लाल पेन काढून घेऊन आपल्या पर्समध्ये टाकले. त्यानंतर दोन झाल्या. चाचणीच्या दिवशी त्या बेलापूरला गेल्या आणि परत येऊन एवढेच म्हणाल्या, "हात एकदा अडखळला, पण थांबला नाही."

त्यानंतर बऱ्याच आठवड्यांनी एका दुपारी त्या अभ्यासिकेचा जिना धावत चढून आल्या. "मॅडम! काका! यादीत नाव आलंय माझं!"

काकांनी हात जोडले. मी विचारले, "यादी तुम्ही स्वतः पाहिली?"

"नाही, दवाखान्यातल्या मैत्रिणीनं फोनवर सांगितलं. तिच्या दिरानं बघितलं."

काकांनी चौथ्या क्रमांकाचा संगणक सुरू केला, ताई खुर्चीवर बसल्या आणि मी मागे उभी राहिले. यादी लांबलचक होती. ताईंनी ती या वेळी भराभर वर घेतली नाही. पहिल्या नावापासून एकेक ओळ वाचत गेल्या, बोट पडद्यावर ठेवून. मधल्या एका पानावर बोट थांबले. आडनाव, नाव, वडिलांचे नाव, बैठक क्रमांक: सगळे जुळले. पुढे 'पात्र' असे लिहिले होते. त्यांनी तो बैठक क्रमांक आपल्या प्रवेशपत्राशी आणखी एकदा ताडून पाहिला आणि मगच त्या रडल्या.

आज त्या कायम नोकरीत आहेत. अभ्यासिकेच्या सहाही संगणकांवर मी महिन्यातून एकदा ती आज्ञा देते, आणि माझ्या तक्त्यात 'फाईलमध्ये काय आहे' आणि 'कारभाऱ्याने काय धरले आहे' असे आता दोन वेगळे रकाने आहेत.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: फाईलमध्ये लिहिलेले संगणक पाळतोच असे नाही, सगळ्या फाइली वाचून झाल्यावर शेवटी जे हाती राहते ते तो पाळतो, आणि ते काय आहे हे त्यालाच विचारावे लागते. आपल्याकडे apt नावाचा हाच कारभारी असलेले लिनक्स असेल तर वर दिलेली आज्ञा द्या, येणाऱ्या ओळींत प्रॉक्सी (Proxy) हा शब्द शोधा आणि त्यापुढची किंमत आपल्या फाईलशी ताडून पाहा. माझीही कुठे चूक झाली असेल. मी सांगितले म्हणून मानू नका. कृपया स्वतः तपासून पाहा.